लिलाव पडद्यावर, माल पहाडावर

माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात मालाची किंमत दोनदा ठरते. एकदा बाजारात आणि दुसऱ्यांदा घाटात. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा मुलूख एकेकाळी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुऱ्यासह तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. कोलाम, गोंड, बंजारा आणि मराठवाड्यातून येऊन येथे स्थिरावलेली शेतकरी कुटुंबे या पठारावर कापूस व तूर पिकवितात. पीक हाती येईपर्यंतची चिंता पावसाची असते. हाती आल्यानंतरची चिंता ते पहाडाखाली नेण्याची. खेडा खरेदीसाठी दारात आलेला व्यापारी जो भाव सांगतो, त्यातून घाटाचे भाडे त्याने अगोदरच वजा केलेले असते. ते किती वजा केले हे मात्र तो सांगत नाही आणि विकणाऱ्याला विचारण्याची सवय नसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विक्रीचे एक नवे साधन या जिल्ह्यात आले. पहाडाच्या पायथ्याशी, राजुरा परिसरातील खाणींचा काही कोळसा संगणकावरील लिलावाने विकला जातो. वनविभागाच्या आगारांतील लाकूड, कारखान्यांचे भंगार आणि सरकारी कार्यालयांतील जुनी वाहनेही याच मार्गाने विकली जातात. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी धान्य-कडधान्ये या रीतीने विकावीत असा सल्ला आता सर्वत्र दिला जातो. राष्ट्रीय कृषी बाजार ही केंद्र सरकारची संगणकीय बाजारपेठ १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली, तीही याच विचारातून. दूरच्या खरेदीदाराला बोली लावता यावी, स्थानिक व्यापाऱ्यांची मिलीभगत मोडावी आणि भाव सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरावा, हा त्यामागील हेतू. हा हेतू योग्य आहे आणि तो बऱ्याच अंशी साधतोही.

परंतु बोली संपल्यानंतर काय होते, याची चर्चा फारशी होत नाही. पडद्यावरचे घड्याळ शून्यावर येते, सर्वांत चढी बोली जाहीर होते, विकणाऱ्याच्या मनात समाधान दाटते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी येतो. ‘‘भाव ठरला तोच राहील, त्याची काळजी नको. फक्त माल तेवढा गडचांदूरपर्यंत आणून द्या.’’ किंवा ‘‘निम्मा आता उचलतो, निम्मा दिवाळीनंतर.’’ किंवा ‘‘माल पाठवून द्या, पैसे महिन्याभरात जमा होतील.’’ स्वर आर्जवाचा असतो, मागणी किरकोळ भासते, आणि भावाला हात लावलेला नसल्यामुळे विकणारा ‘हो’ म्हणून जातो. या ‘हो’ची किंमत किती, हा या लेखाचा विषय आहे.

चढ्या बोलीचे गणित

अर्थशास्त्रात वस्तू ही केवळ वस्तू नसते. ती अमुक ठिकाणी, अमुक दिवशी मिळणारी वस्तू असते. जिवतीच्या गोदामातील तूर आणि नागपूरच्या गोदामातील तूर या व्यापाराच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू होत. आज रोख मिळणारे हजार रुपये आणि महिन्यानंतर मिळणारे हजार रुपये हेही एक नव्हेत. म्हणून ठिकाण, मुदत आणि पैसे देण्याची रीत यांपैकी एकही अट बदलली, की आकडा तोच ठेवूनही भाव बदललेला असतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका उत्पादक कंपनीने शंभर क्विंटल तूर लिलावात ठेवली. अटी अशा : माल जिवतीच्या गोदामात, सात दिवसांत उचल, पूर्ण रक्कम उचलीपूर्वी. पहिल्या बोलीदाराने क्विंटलला ७,००० रुपये दिले आणि दुसऱ्याने ६,९५०. पहिला जिंकला. नंतर त्याने विनंती केली की, माल नागपूरला पोचवावा आणि रक्कम एक महिन्याने घ्यावी. वाहतुकीचा खर्च क्विंटलला १५० रुपये धरला आणि महिन्याचे व्याज शेकडा एक या दराने ७० रुपये धरले, तर विकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात ६,७८० रुपये उरतात. म्हणजे ज्याला हरलेला म्हणून परत पाठविले, त्या दुसऱ्या बोलीदाराचा भाव क्विंटलला १७० रुपयांनी अधिक होता. शंभर क्विंटलांवर हे नुकसान १७,००० रुपयांचे झाले. त्यात हमाली, वाटेतील तूट, नागपूरच्या काट्यावर वजनात निघणारा फरक आणि रक्कम बुडण्याची भीती यांचा हिशेब धरलेलाच नाही.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. लिलावात सर्वांत चढी बोली कोणाची, हे अटी स्थिर असतील तरच सांगता येते. अटी हलल्या की क्रमही हलतो. बोलीनंतर अटी बदलू देणारा विक्रेता वस्तुतः लिलाव मोडून पुन्हा घासाघीस सुरू करीत असतो. आणि या घासाघिशीत त्याच्यासमोर एकच खरेदीदार उरलेला असतो. स्पर्धेने मिळवून दिलेले बळ तो आपल्या हाताने टाकून देतो.

खरेदीदार परत का येतो

बोली जिंकणारा दुसऱ्याच दिवशी सवलत मागतो, तो नेहमी लबाडच असतो असे मानण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये कॅपेन, क्लॅप व कॅम्पबेल या तीन अमेरिकी तेल अभियंत्यांनी एक निरीक्षण मांडले. समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावात मालाची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते. प्रत्येक जण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तोच जिंकतो. विजयातच पश्चात्तापाचे बीज असते. हे ‘विजेत्याचे दुर्दैव’ तेलापुरते मर्यादित नाही. पुणे-मुंबईत बसून पहाडावरील मालावर बोली लावणाऱ्याने घाट पाहिलेला नसतो, पावसाळ्यातला रस्ता पाहिलेला नसतो, मोठा ट्रक कोठपर्यंत येतो हे विचारलेले नसते. बोली जिंकल्यावर तो वाहतूकदाराला भाडे विचारतो आणि मग त्याला आपली चूक उमगते. ही चूक विकणाऱ्याच्या पदरात टाकता आली तर पाहावी, असा मोह त्याला होतो.

दुसरा प्रकार अधिक हिशेबी असतो. काही खरेदीदार मुळातच चढी बोली लावून स्पर्धकांना बाजूला सारतात आणि नंतर अटींवरून ती खाली ओढतात. करार झाल्यावर एक पक्ष अडकून पडतो आणि दुसरा त्या अडचणीचा फायदा घेतो, या प्रवृत्तीचा सांगोपांग अभ्यास ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाने केला. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासमवेत विभागून मिळाले. ऑस्ट्रॉम यांचा अभ्यास जंगल, पाणी, कुरणे अशी सामायिक साधने गावकरी स्वतः नियम करून कशी सांभाळतात याविषयी होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला या दोन नावांची ही जोडी अर्थपूर्ण वाटावी. कारण येथील ग्रामसभांना जंगल सांभाळण्याइतकेच, त्यातील माल विकताना अडवणुकीला तोंड देणेही शिकावे लागले आहे.

मे महिन्यातील घाई

तेंदूपानाचा व्यवहार हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. पाने तोडण्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात, मोजक्या दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी असा महाराष्ट्रातील हिशेब. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, दुपारी घरातील सर्वांनी मिळून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मग ते उन्हात वाळवून भरायचे. मृगाचा पाऊस तोंडावर असतो. भिजलेले पान मातीमोल होते. अशा वेळी ‘उचल थोडी पुढे ढकलू’ एवढ्या चार शब्दांत खरेदीदार आपल्या डोक्यावरचा पावसाचा धोका गावाच्या डोक्यावर ठेवतो. गावाला थांबता येत नाही आणि त्याला थांबता येते. वाटाघाटीतील सारे बळ या एका फरकात सामावलेले असते.

२०१७ च्या हंगामात गडचिरोली जिल्ह्यात तेंदूपानाला विक्रमी भाव मिळाले. त्याच वर्षी १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेंदूपानावर १८ टक्के व विडीवर २८ टक्के असा तो बसविण्यात आला. पाने बोलीने घेऊन झाली होती, गोणी भरून झाल्या होत्या, आणि मागाहून बाजाराचे गणित बदलले. २०१८ च्या हंगामात भाव कोसळले. ठरलेली रक्कम वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी तेव्हा अनेक ग्रामसभांनी केल्या. कर लागला यात ठेकेदारांचा दोष नव्हता, हे खरे. परंतु त्यात पाने तोडणाऱ्या बाईचाही दोष नव्हता. भाव चढला असता तर त्यातील वाढ कोणी तिच्या घरी आणून दिली नसती. मग उतरलेल्या भावाचा वाटा तिने का उचलावा, या प्रश्नाचे उत्तर करारातच असावयास हवे होते. जेथे ते नव्हते, तेथे ते बळावर ठरले.

कायदा काय सांगतो

या बाबतीत कायदा विकणाऱ्याच्या विरोधात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम लिलावासंबंधी आहे. हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोलीदाराला आपली बोली मागे घेता येते. त्यानंतर विक्री पूर्ण झाली असे कायदा मानतो. ३६ व्या कलमानुसार, वेगळे काही ठरले नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळी जेथे असेल तेथेच ताब्यात द्यावयाचा असतो. जिवतीत विकलेला माल जिवतीतच द्यावा लागतो. तो गडचांदूरला पोचविण्याचे कोणतेही बंधन विकणाऱ्यावर नाही. ४४ वे कलम सांगते की, विकणारा माल देण्यास तयार असून त्याने तशी मागणी केल्यावरही खरेदीदाराने वाजवी मुदतीत उचल केली नाही, तर त्यामुळे होणारे नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च खरेदीदाराने द्यावयाचा. ५४ वे कलम, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला नाशवंत माल तसाच आणि इतर माल रीतसर सूचना देऊन पुन्हा विकण्याची मुभा देते. सूचना दिलेली असेल तर पडलेली तूटही मागता येते.

संगणकावरील करार खरा की खोटा, ही शंकाही आता उरलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला आणि नंतरच्या दुरुस्तीने त्यात १०-अ हे कलम आले. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार अवैध ठरत नाही, असे ते स्पष्ट म्हणते. आणि अट बदलावयाची तर काय? १८७२ च्या करार कायद्याचे ६२ वे कलम दोन्ही पक्षांच्या संमतीने करारात बदल करू देते. संमती दोघांची हवी, हा त्यातील मुख्य भाग. खरेदीदाराची मागणी ही विनंती आहे, हक्क नव्हे. तिला ‘नाही’ म्हणण्याने करार मोडत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मालविक्री कायद्याच्या २६ व्या कलमानुसार, ज्याच्या चुकीमुळे ताबा देण्या-घेण्यास उशीर झाला, त्या उशिरामुळे मालाची जी हानी होईल तिचा धोका त्याच्यावर. खरेदीदाराने विनाकारण उशीर केला आणि माल भिजला, तर तो त्याचा भिजला. परंतु विकणाऱ्याने भिडेखातर दूरध्वनीवर ‘बरं, पुढच्या आठवड्यात न्या’ असे सांगितले, की तो उशीर खरेदीदाराची चूक राहत नाही. ती दोघांनी मान्य केलेली मुदत होते. मग पाऊस आला तर वाद उभा राहतो आणि पुरावा कोणाकडेच नसतो. मुदतवाढ देताना मधल्या काळातील धोका कोणाचा हे न लिहिणे म्हणजे तो आपल्यावर घेणे होय.

तिसऱ्याचा हक्क

आतापर्यंत विकणारा आणि जिंकणारा या दोघांचाच विचार झाला. पण लिलावात आणखी एक पक्ष असतो : बोली लावून हरलेला, किंवा अटी वाचून बोलीच न लावलेला. माल घाटाखाली मिळणार हे आधी कळले असते तर त्याने अधिक भाव दिला असता. महिन्याची उधारी मिळणार हे ठाऊक असते तर आणखी चार जण आले असते. खाजगी विक्रेत्याने त्याची पर्वा केली नाही तर तो त्याच्या पतीचा प्रश्न. सरकारी वा सार्वजनिक संस्थेला मात्र तसे वागता येत नाही.

याविषयीचा एक प्रसिद्ध निकाल मुंबईच्या विमानतळाशी निगडित आहे. तेथील एक उपाहारगृह व अल्पोपाहाराची दालने चालविण्यासाठी निविदा मागविताना पाच वर्षांच्या अनुभवाची अट घालण्यात आली होती. ती पूर्ण न करणाऱ्याची निविदा स्वीकारली गेली. रमण दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सार्वजनिक संस्थेने स्वतः जाहीर केलेली अट तिला बांधील असते. ती एकासाठी सैल केली तर, अट शिथिल होईल हे माहीत नसल्याने दूर राहिलेल्या इतरांवर अन्याय होतो. अर्जदाराने विलंब केल्यामुळे ते कंत्राट रद्द झाले नाही. परंतु तत्त्व कायम झाले. लिलावानंतर उचलीची मुदत किंवा ठिकाण एका खरेदीदारासाठी बदलणारा अधिकारी दया दाखवीत असेल, पण ती दया तो दुसऱ्याच्या खिशातून दाखवीत असतो.

मालकीची खरी कसोटी

माल कोणत्या अटीवर हलेल, हे ठरविण्याचा अधिकार या वनप्रदेशात सहजासहजी मिळालेला नाही. दीर्घकाळ येथील बांबू मोठ्या मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांकडे जात असे आणि जंगलालगत राहणाऱ्यांच्या वाट्याला त्याच्या तोडणीची मजुरी तेवढी येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूपाने ही गौण वनोपजे ठरवून त्यांवर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबूचे मालक झाले. परंतु विकलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला. खरेदीदार तयार, माल तयार आणि गाडी मात्र हलत नाही, अशी ती अवस्था होती. देवाजी तोफा यांच्या या गावाने तो प्रश्न लावून धरला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन हा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपानाच्या धंद्यातून अंग काढून घेऊन बांबूवर भर दिला.

या इतिहासातून निघणारा बोध लिलावाच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. जो माल आपण ठरविलेल्या अटीवर हलविता येत नाही, त्याची मालकी कागदावरच राहते. परवान्यासाठी सरकारशी झगडून मिळविलेला अधिकार, खरेदीदाराच्या एका दूरध्वनीवर भिडेखातर सोडून देणे हे त्या झगड्याचे मोल न जाणण्यासारखे आहे.

मोठ्याचा धडा, लहानाची अडचण

पहाडाखालच्या कोळसा कंपनीला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. तिच्या लिलावाच्या अटी छापलेल्या असतात. उचलीची मुदत ठरलेली, अनामत आधीच जमा, आणि मुदतीत न उचललेल्या मालाबद्दल अनामत जप्त. तेथे विनंतीला उत्तर देणारा माणूस नसतो, नियम असतो. सरकारी लिलावांच्या जाहिरातींत येणारे ‘जसे आहे, जेथे आहे’ हे चार शब्द अर्धे वाद जन्मण्यापूर्वीच मिटवितात.

लहान विक्रेत्याजवळ नियमाऐवजी माणूस असतो, आणि माणसाला भीड असते. शिवाय पुढच्या वर्षी हाच खरेदीदार लागेल, ही धास्ती असते. मोठ्या संस्थांची कठोरता जशीच्या तशी उचलावी असे नाही. पण त्यांच्या पद्धतीचा गाभा उचलण्यास पैसा लागत नाही. अट आधी, लेखी आणि सर्वांना सारखी, एवढाच तो गाभा आहे.

लिलावाच्या सूचनेत भावाइतक्याच ठळकपणे माल कोठे आहे, तेथपर्यंत केवढे वाहन येते, भराईची हमाली व बारदाना कोणाचा, वजन कोणत्या काट्यावरचे ग्राह्य आणि उचल किती दिवसांत, हे लिहिले पाहिजे. घाट पाहिलेला नसणाऱ्याला घाट आधीच सांगून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्याने बोली थोडी उतरेल. पण जी येईल ती टिकेल. दुसरे, ज्या बदलांची मागणी हटकून होते त्यांचे दर आधीच जाहीर करावेत : गडचांदूरला पोच हवी असल्यास क्विंटलला इतके रुपये अधिक, सात दिवसांनंतर गोदामभाडे दररोज इतके, आणि त्या काळातील धोका खरेदीदाराचा. मग सवलत मागणे उरत नाही. विकत घेणे उरते. तिसरे, अनामत अशी असावी की माल सोडून देणे खरेदीदाराला परवडू नये. चौथे, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला काही दिवस आपली बोली कायम ठेवण्याची अट घालावी. पर्याय हाताशी असलेल्या विक्रेत्याचा ‘नाही’ वेगळा ऐकू येतो.

एवढे करूनही मागणी आली, तर ती लेखी मागवावी. तोंडी गोड वाटणारी मागणी कागदावर उतरली की तिचे खरे रूप दिसते, आणि पुष्कळ मागण्या कागदापर्यंत पोचतच नाहीत. उत्तरही लेखीच द्यावे, आणि ते एकट्या सचिवाने वा अध्यक्षाने देऊ नये. ग्रामसभेच्या वा संचालक मंडळाच्या बैठकीत ठरेल, हे वाक्य टाळाटाळीचे नसून संरक्षणाचे आहे; भीड एका माणसाला पडते, सभेला पडत नाही. आणि काहीही झाले तरी पैसे हाती येण्यापूर्वी माल पहाडाखाली उतरू नये. माल वर असेपर्यंत खरेदीदार विनंती करतो. माल खाली गेला की विनंती करण्याची पाळी विकणाऱ्यावर येते.

ताठरपणा नव्हे, ठामपणा

याचा अर्थ प्रत्येक विनंती धुडकावावी असा नव्हे. अतिवृष्टीने घाट बंद पडला, रस्ता खचला, किंवा २०२० च्या टाळेबंदीसारखे संकट आले, तर मुदत वाढविणे न्यायाचेच आहे. करार कायद्याचे ६३ वे कलम तशी मुभा देते. नेहमीचा, चोख पैसे देणारा खरेदीदार दोन दिवस मागत असेल तर ते द्यावेत. व्यापार विश्वासावरही चालतो. फक्त दिलेली सवलत ही सवलत म्हणून, तिच्या कारणासह आणि मुदतीसह नोंदविली जावी, म्हणजे पुढच्या वर्षी तिचा रिवाज होत नाही. अडचण दोघांनाही सारखीच आहे की खरेदीदार आपला तोटा पुढे सरकवीत आहे, एवढा एकच प्रश्न विचारला तरी बहुतेक उत्तरे आपोआप मिळतात.

हाच न्याय विकणाऱ्यालाही लागू आहे. तुरीत ओल अधिक निघाली, गोण्यांची संख्या कमी भरली, ट्रक दारात उभा असताना हमाल मिळाले नाहीत, तर अट विकणाऱ्याने मोडलेली असते आणि भरपाई मागण्याचा हक्क खरेदीदाराचा असतो. स्वतः अटी काटेकोर पाळणाऱ्यालाच दुसऱ्याकडून त्या पाळून घेण्याचा नैतिक अधिकार पोचतो.

एकेकट्या गावाने हे सारे करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. करारनामा लिहिणे, जप्तीची सूचना देणे, बुडव्या खरेदीदाराची माहिती शेजारच्या गावाला कळविणे ही कामे संघटनेने सोपी होतात. अनेक गावांनी एकाच नमुन्याच्या अटी वापरल्या, तर ‘पलीकडच्या गावाने मान्य केले, तुम्हीच अडून बसलात’ हा हुकमी युक्तिवाद निकामी होतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी, शिक्षकांनी आणि कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी असे सोप्या मराठीतील करारनामे तयार करून देणे हे एखाद्या परिसंवादाहून अधिक उपयोगाचे काम ठरेल.

लिलावाच्या सिद्धांतासाठी पॉल मिलग्रोम व रॉबर्ट विल्सन यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बोली कशा मागवाव्यात याचे शास्त्र आज खूप पुढे गेले आहे. परंतु या शास्त्राचे पहिले गृहीत असे की, जिंकणारा जे बोलला ते पाळील. ते पाळले जाईल याची तजवीज कोणतेही यंत्र करीत नाही; ती विकणाऱ्यालाच करावी लागते. जिवतीच्या शेतकऱ्याला संगणकाने दूरचा खरेदीदार आणून दिला, ही मोठी सोय झाली. पण घाट अजून तेथेच आहे, आणि तो कोणी व कोणाच्या खर्चाने उतरावयाचा, हे बोलीच्या आधी ठरविले नाही तर बोलीनंतर ते दुसराच कोणी ठरवितो.